पुरतंय का?

ज्या घरात ब्रा वाळत घालताना वरून टॉवेल टाकतात, आणि टॉवेल आखूड पडला तर बाबांचा पंचा जोडतात, त्याच घराच्या गॅलरीत उभी राहून आमची आई समोरच्या इमारतीतल्या काकूंशी बोलत होती. काकूंनी विचारलं, "दूध पुरतंय का गं तिला?" आणि आईने अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उजवीकडे ठीक आहे, डावीकडे जरा कमीच!" खाली कपडे मोजत बसलेल्या इस्त्रीवाल्याचा हिशोब चुकला.

आपल्याकडे पगार विचारायचा झाला तरी माणूस आधी पाऊसपाण्यावर बोलतो, मग रेल्वेच्या दशेवर, आणि चहा संपत आला की हळूच मुद्द्यावर येतो. बाळंतिणीच्या दुधाला असली प्रस्तावना लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका, ज्यांनी आयुष्यात बायकोला नावाने हाक मारली नसेल, तेसुद्धा लिफ्टमध्ये छताकडे बघत "फीडिंग ओके?" असं इंग्रजीत विचारून मोकळे झाले. इंग्रजीत विचारलं की बहुधा डोळे मिटून विचारल्यासारखं होतं.

तर, आमची ताई पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे डोंबिवलीला आली होती. मी तिची धाकटी बहीण. बाळंतिणीच्या घरात धाकट्या बहिणीच्या पदाला अधिकार शून्य आणि कामं भरपूर. बाळंतशेपा आण, दुपटी घाल, दुपटी काढ, पाहुण्यांना चहा दे, पाहुणे उठत नाहीत म्हणून पुन्हा चहा दे. मत विचारत नाही कुणी. त्यामुळे बघायला मोप मिळतं.

पहिली गोष्ट मी बघितली ती दवाखान्यातली भित्तिचित्रं. १९९२पासून दर वर्षी १ ते ७ ऑगस्टला जागतिक स्तनपान सप्ताह साजरा होतो आणि त्या सप्ताहातली चित्रं पुढच्या सप्ताहापर्यंत भिंतीवर राहतात. चित्रातल्या आईच्या केसांत गजरा असतो. ती बाळाकडे बघून मंद हसत असते. तिला टाके नसतात. आमच्या ताईच्या पाठीमागे एक उशी, कोपराखाली एक, मांडीवर गोधडीची वळकटी, पायाखाली पाट, आणि एवढी उभारणी झाल्यावर तिच्या लक्षात यायचं की बाळ आईच्या हातात आहे आणि आई स्वयंपाकघरात.

दुसरी गोष्ट म्हणजे, हे सगळं नैसर्गिक असतं ही बातमी निसर्गाने बाळाला पोचवलेली नसते. आमच्या भाचीने आपलं उघडं तोंड घेऊन भावजींच्या शर्टाचा खिसा चोखून बघितला, माझा कोपर बघितला, डॉक्टरीणबाईंच्या स्टेथोस्कोपला तर तिने चांगलंच धरलं. जिथे पोचायचं तिथे पोचली की मात्र डोकं डावीकडे, डोकं उजवीकडे, एक किंकाळी, आणि मग पहिल्याच घोटाला गाढ झोप. पायाच्या तळव्याला टिचक्या मारून उठवायची. कानशील चोळायचं. हे करताना आजी म्हणायची, "झोपू दे गं बिचारीला," आणि आई म्हणायची, "उठव गं, उपाशी आहे," आणि दोघींची तोंडं माझ्याकडे.

दवाखान्यातल्या सिस्टर या कलेतल्या खऱ्या उस्ताद. "वाकू नका. बाळाला छातीकडे आणायचं, छातीला बाळाकडे न्यायचं नाही. तोंड मोठं उघडू दे. आता! नुसतं टोक नको, काळा भाग आत गेला पाहिजे." ही शिकवणी तोंडी नव्हती, हातांनी चालायची. जी ताई कपडे बदलताना खोलीची कडी लावून वर खुर्ची सरकवायची, तिने दुसऱ्या दिवसापासून पदर सावरणंच सोडून दिलं. कॅन्टीनचा मुलगा उपम्याची बशी ठेवून भिंतीकडे तोंड करून पळायला लागला तेव्हा तिने फक्त विचारलं, "चहा कुठाय?"

सिस्टरनी तिला फुटबॉलची पकडही शिकवली. म्हणजे बाळ काखेखाली, पाय मागे, डोकं पुढे. टाक्यांवर भार येत नाही. आजीने चष्मा लावून हा प्रकार पाहिला आणि म्हणाली, "पोर आहे की पर्स?"

पहिले दोन-तीन दिवस जे येतं ते दाट, पिवळसर, आणि थेंबाथेंबाने. आजीच्या मते ते दूधच नव्हे. "आमच्या वेळी ते पिळून टाकायचे, वाईट असतं ते." आता हीच आजी, गोठ्यात म्हैस व्याल्याची नुसती कुणकुण लागली तरी चिकासाठी किटली घेऊन माणूस धाडते. मग खरवस होतो, वर वेलची पडते, शेजारी वाटीभर पाठवून वर्षभर त्याची आठवण करून दिली जाते. म्हशीच्या चिकाला किटली आणि बाईच्या चिकाला मोरी! हा न्याय कुणी ठरवला ते कळत नाही, पण ठरवणाऱ्याने खरवस खाल्ला होता एवढं नक्की. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं, आणि त्या पिवळ्या थेंबांत रोगांशी लढायचा सगळा दारूगोळा असतो, तेव्हा त्यातला थेंबही वाया घालवू नका. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हेही त्या म्हणाल्या. भावजींना यातलं "वजन उतरतं" एवढंच ऐकू आलं. त्यांचं स्वतःचं तिथल्या तिथे अर्धा किलो उतरलं असावं.

घरी आल्यावर खरी समिती बसली. आता डोंबिवलीकर माणसाचं सगळं शहाणपण पाण्याच्या वेळापत्रकातून आलेलं असतं. पाणी ठरल्या वेळी येणार, आलं की टाकी भरून घ्यायची, मग दिवसभर जपून वापरायचं. हीच अक्कल सगळ्यांनी ताईला लावली. "सारखं सारखं नको लावूस. दोन-तीन तास साठू दे, मग पाज, म्हणजे पोटभर मिळेल." डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावायच्या. त्या सांगत होत्या ते बरोबर उलटं. बाळ जेवढं ओढेल तेवढं शरीर नवीन बनवतं. साठून राहिलं तर शरीर समजतं की गिऱ्हाईक नाही, आणि कारखाना मंदावतो. सुरुवातीला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचंच. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. म्हणजे ज्या फेरीला आईला रडू येतं, त्याच दोन वाजताच्या फेरीत उद्याच्या दुधाची ऑर्डर नोंदली जाते. निसर्गाने ही व्यवस्था करताना बाईला विचारलेलं दिसत नाही.

माझं ऑफिस फोर्टला. सकाळच्या डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात मी एकदा सहज म्हणाले, "ताईला दूध कमी येतंय." त्यानंतर जे घडलं तसलं सर्वपक्षीय एकमत मी कधी पाहिलं नाही. चौथ्या सीटसाठी रोज भांडणाऱ्या बायका एका क्षणात तज्ज्ञ झाल्या. ठाण्यापर्यंत आळिवाची खीर झाली. घाटकोपरपर्यंत शतावरी कल्प, खसखस, डिंकाचे आणि मेथीचे लाडू. कुर्ल्याला एक बाई चढता चढताच म्हणाली, "शेवग्याचा पाला!" आणि मागून कुणीतरी, जी बाई मला दिसलीसुद्धा नाही, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी सुचवून दादरला उतरून गेली. काय खाऊ नये यावर मात्र एकमत नव्हतं. वांगं वातूळ, काकडी थंड, दही आंबट, हरभरा जड, कोबीने गॅस, आंब्याने उष्णता. सगळ्यांची वर्ज्यं एकत्र केली तेव्हा ताटात तूप उरलं.

लाडवांना माझा विरोध नाही. आळिवात लोह असतं, डिंकाच्या लाडवात खोबरं-खारीक असते, आणि पाजणाऱ्या बाईला दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरी जास्त लागतातच. फक्त आजीचा एक लाडू म्हणजे साधारण तेवढ्याच, आणि तिच्या मते एक लाडू म्हणजे चव बघणं. ताईने दोनच्या वर खाल्ले नाहीत की उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून भावजी खायचे. ते दर शनिवारी पुण्याहून यायचे. बाळाचं वजन वाढतंय की नाही हे काट्यावर टाकून कळायचं, भावजींचं दारातून आत येताना दिसायचं.

ताईच्या सासूबाई रोज फोन करायच्या. माणूस चांगलं, पण त्यांचं एक वाक्य होतं, "आमच्याकडे दुधाची अडचण कधी कुणाला आली नाही हो." झालं. ताईचं दूध हा दोन घराण्यांच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. आईने फोन ठेवला आणि खिरीत आळीव दुप्पट केले. बाळ बारीक राहिलं तर माहेरचा हात आखडता, आणि बाळसं धरलं तर "आमच्याकडचं हाडच तसं." मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसल्यावर टाके दुखले म्हणून माझ्यावर ओरडली.

या सगळ्यात बाबांचं काय करायचं हा प्रश्न होता. बाळाला घ्यायला ते घाबरायचे, बाळंतिणीच्या खोलीत जायला लाजायचे. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पोटात किती गेलं ते मोजता येत नाही, बाहेर किती आलं ते मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं पुरे होतं. विमा एजंटाने दिलेली डायरी निघाली. उभे रकाने आखले गेले. वेळ, बाजू, शू, शी, शेरा. बाजूच्या रकान्यात "डा." आणि "उ." अशी संक्षिप्त रूपं, कारण पूर्ण शब्द लिहायला लाज वाटत असावी. ज्या माणसाने आम्हा दोघींचा एकही लंगोट बदलला नव्हता, तो आता खोलीच्या दाराबाहेर पेन घेऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "रंग?" पहिल्या दिवसांतल्या "डांबरासारखी" पासून "हिरवट" आणि मग "मोहरी, समाधानकारक" असा तो प्रवास त्या डायरीत बाबांच्या वळणदार अक्षरात नोंदलेला आहे. पुढच्या भेटीला डॉक्टरीणबाईंनी ती डायरी चाळली आणि गमतीने खाली सही केली. बाबांनी बँकेतल्या सगळ्या जुन्या मित्रांना फोन करून सांगितलं, ऑडिट क्लिअर.

मधेच एकदा ताईची छाती दाटली. दूध एकदम उतरलं, कडक गाठी, अंगात कसकस, बाळाला धरताच येईना. फोनवर तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि तिने मला कोबी आणायला पाठवलं. मी कोबी घेऊन आले तर दारात आजी.

"कोबी? बाळंतिणीला कोबी? गॅस होईल पोरीला!"

"खायचा नाहीये आजी. ठेवायचाय."

"कुठे?"

मी सांगितलं. आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग धुऊन तरी ठेव."

फ्रिजमधली गार पानं ठेवून ताईला थोडं बरं वाटलं. खरा उतार पडला तो बाळाला वरचेवर पाजून आणि मधेमधे हाताने पिळून काढल्यावर. उरलेल्या कोबीची भाजी झाली. ती बाबांनी खाल्ली. त्यांना काही सांगितलं नव्हतं.

आणि संध्याकाळ. दिवसभर शहाण्यासारखं वागणारं बाळ मालिका सुरू व्हायच्या वेळेला असं काही पेटायचं की सुटका व्हायची नाही ताईची. दहा मिनिटं पिणार, सोडणार, रडणार, पुन्हा पिणार, असं साडेनऊ-दहापर्यंत. हे पुष्कळ तान्ह्या बाळांचं होतं, संध्याकाळी ती सलग पीत राहतात आणि पुढे आपोआप सुटतं. पण भरलेल्या घरात त्या वेळी रडणाऱ्या बाळाचा एकच अर्थ लावला जातो. दूध पुरत नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. तडतडल्या म्हणजे दृष्ट होती. नाही तडतडल्या तेव्हा "फारच मोठी दृष्ट आहे" असा निष्कर्ष निघाला. आत्याने हळूच पावडरच्या डब्याचं नाव सांगितलं.

मी तो डबा आणायला गेले तेव्हा त्याचं निरीक्षण केलं. भारतात १९९२पासून एक कायदा आहे, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार बाळाच्या पावडरच्या दुधाची किंवा दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही. डब्यावर गुटगुटीत बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही, आणि आईचं दूधच सर्वांत चांगलं असं त्याच डब्यावर लिहावं लागतं. दुकानातली बाकी प्रत्येक वस्तू "मला घ्या" म्हणते, हा एकटाच "मला नका घेऊ" म्हणतो. कायदा उत्तम आहे. फक्त त्यात आत्या येत नाही.

त्या संध्याकाळी ताई रडली. म्हणजे बाळाबरोबर नाही, बाळ झोपल्यावर. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. बाळाने तोंड लावलं की ती पलंगाची कड घट्ट धरायची आणि पायाची बोटं आखडायची, आणि आम्ही सगळे पलीकडे बसून घोट मोजत असायचो. दूध किती, कुठल्या बाजूला, दाट की पातळ, याची चौकशी करायला माणसांची रीघ होती. दुखतं का, हे विचारायला त्या रिघेतलं कुणी थांबलं नव्हतं.

थांबल्या त्या न्हाऊ घालणाऱ्या मावशी. रोज सकाळी येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायच्या, शेगडीत ओवा टाकून धुरी द्यायच्या, घटकाभर बसून चहा प्यायच्या. त्यांनी ताईचा चेहरा बघितला आणि विचारलं, "झोपलीस कधी, बाय?" ताईला आठवेना. मावशींनी बाळ उचललं, दुपट्यात करकचून गुंडाळलं, खांद्यावर टाकलं, आणि खोलीतल्या आम्हा सगळ्यांना अशा नजरेने बाहेर काढलं की आई स्वतःच्या घरात चोरासारखी चालायला लागली. "दोन तास कुणी आत जायाचं न्हाई. पोर रडलं तर माज्याकडं हाय." दारावर बाबा डायरी घेऊन उभे होते. त्यांना सांगितलं, "लिवा. आई झोपली."

त्यांनी लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वजन हवं तेवढं चढलं नव्हतं. त्यांनी तोंडाची पकड पुन्हा दुरुस्त करून दाखवली, आणि वजन रुळावर येईपर्यंत अंगावर पाजून झाल्यावर थोडं पावडरचं दूध द्यायला सांगितलं, बाटलीने नव्हे, वाटी-चमच्याने. ताईला ही शिक्षा वाटली. घरी येऊन ती म्हणाली, "म्हणजे मला जमलंच नाही." आजी, जिच्याकडून मी यावर एक लांबलचक "आमच्या वेळी"ची तयारी ठेवली होती, ती म्हणाली, "आमच्या वेळी धाकट्या जावेला यायचं नाही, तर मीच पाजलं तिचं पोर. तुझ्या चुलतकाकाला विचार." चुलतकाका आता सत्तरीचे आहेत, त्यांना विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. पण ताईने वाटी हातात घेतली.

मला यावरून आठवतं ते असं, की आपण शिवकालातून हिरकणी उचलली आणि धाराऊला विसरलो. संभाजी महाराज तान्हे असताना सईबाईंची प्रकृती ढासळलेली, दूध नव्हतं. तेव्हा कापूरहोळची धाराऊ गाडे दूधआई म्हणून आली. राजघराण्यात सोय करतात, सामान्यांच्या घरात लाडू करतात. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या आयांना जास्त येतं त्यांचं दूध घेऊन, तपासून, निर्जंतुक करून, कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना देतात. आजीला मी हे सांगितलं. "परक्या बाईचं?" असं म्हणेल वाटलं होतं. ती म्हणाली, "मग मला तेव्हा कुणी पेढी का म्हटलं नाही?"

हिरकणीची गोष्ट मात्र आपल्याला पाठ. कोजागिरीला रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्रीची कडा उतरून गेली. महाराजांनी साडीचोळी देऊन गौरव केला आणि त्या कड्यावर बुरुज बांधून तिचं नाव दिलं. दंतकथा आहे आणि सुंदर आहे. पण नीट ऐका. गौरव झाला, आणि जिथून ती उतरली तिथे बुरुज बांधून वाट बंद झाली. पुढच्या हिरकणीने काय करायचं? दरवाजा थोडा उशिरा बंद करावा, हे कुणाला सुचल्याचं गोष्टीत येत नाही.

आता तिच्या नावाच्या खोल्या असतात. एसटी स्टँडवर, सरकारी कचेऱ्यांत, पाटी असते "हिरकणी कक्ष". डिसेंबर २०२२मध्ये आमदार सरोज अहिरे आपल्या काही आठवड्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले, आणि पुढच्या अधिवेशनात मुंबईत त्यांनी तिथल्या हिरकणी कक्षातल्या धुळीची तक्रार केली तेव्हाही छापले. आमदारबाईंना धूळ दाखवायला कॅमेरे तरी मिळाले. रजा संपवून पुण्याला परतलेल्या ताईच्या ऑफिसात कक्ष नव्हता, रेकॉर्ड रूम होती. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने तिला २६ आठवड्यांची रजा मिळाली होती, आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी घ्यायचा हक्क १९६१च्या मूळ कायद्यातच होता. तिने तो साहेबांना सांगितला. साहेब भले माणूस, म्हणाले, "जरूर घ्या, जरूर. फक्त मीटिंग चालू नसताना." त्यांच्याकडे मीटिंग कधी चालू नसते, हे तिने मला फोनवर विचारलं.

तर फायलींच्या कपाटांमध्ये खुर्ची टाकून पंप. त्या यंत्राचा आवाज म्हणजे कुणीतरी दम्याच्या माणसाला जिने चढवतंय. बाहेरून शिपाई विचारायचा, "मॅडम, आत मशीन कसलं?" ताई ओरडून सांगायची, "झेरॉक्स!" संध्याकाळी दूध बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या घरी. शनिवार-रविवारी आमच्याकडे आली की आमच्या फ्रिजमध्ये. बाबांनी डब्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती, "फक्त बाळासाठी. चहासाठी नाही." खाली तारीख, वेळ, आणि सवयीने सही.

अन्नाचा प्रश्नही वाद घालूनच सुटला. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. आजी म्हणाली, "मे महिन्यात पाणी नाही? मुंबईच्या उकाड्यात?" आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं हे ऐकल्यावर ती गप्प झाली, पण गुटीचं तिला फार लागलं. सागरगोटा, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ सगळं डबीत आणून ठेवलं होतं. रोज सकाळी ती सहाण घेऊन बसायची, एकेका मुळीचे वेढे मोजून द्यायची, आणि वाटीतलं ते चाटण शेवटी स्वतःच घ्यायची. तिची अपचनाची जुनी तक्रार त्या उन्हाळ्यात बरी झाली.

उष्टावण कधी करायचं यावर मात्र वाद होणारच होता, कारण मुलीचं विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या किंवा सातव्यात करायचं अशी आजीची पद्धत. पण सहा पूर्ण म्हणजे सातवा चालू, हे बाबांनी डायरी उघडून सिद्ध केलं आणि विज्ञान व परंपरा दोन्ही एकाच रकान्यात बसली. ताई पुण्याहून आली. मामा नाही म्हणून मावशीला बढती मिळाली, आणि मी सोन्याच्या अंगठीने खिरीचं बोट भाचीच्या ओठांना लावलं. तिने ते जिभेने बाहेर ढकललं, सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, आणि आईकडे झेप घेतली. आत्या म्हणाली, "जेवत नाही वाटतं?"

न्हाऊ घालणाऱ्या मावशींनाही बोलावलं होतं. त्या जेवल्या, साडी घेतली, बाळाचे गाल कुस्करले, आणि निघताना दारात चप्पल घालता घालता ताईला म्हणाल्या, "आता दुसऱ्याच्या टायमाला आधी सांग बरं का, चांगलं सहा महिने आधी. डोंबिवलीत माज्या तारखा ऱ्हात न्हाईत."

भावजी तेव्हा डब्यातला शेवटचा डिंकाचा लाडू खात होते. त्यांना असा ठसका लागला, की आजीला पाठीवर थापट्या मारून त्यांची ढेकर काढावी लागली.